युरोपच्या रेल्वेत आरएसी नसतं

अल सद्दमध्ये राहणाऱ्या माणसाला रेल्वेचं आरक्षण ही गोष्ट विसरायला फार वेळ लागत नाही. दोहा मेट्रोची गोल्ड लाइन घराजवळून जाते. दोन रियालचं तिकीट, दिवसभरात कितीही फिरलात तरी सहा रियालच्या वर पैसे कापले जात नाहीत, आणि गाडी दर काही मिनिटांनी. बिन महमूद गेलं की मुशैरिब, तिथे लाइन बदला, संपलं. २०१९ साली मेट्रो सुरू झाली तेव्हापासून इथल्या मराठी मंडळींची मुलं रेल्वे म्हणजे हीच असं समजून वाढताहेत. त्यांना वेटिंग लिस्ट, चार्ट, आरएसी, तत्काळ हे शब्द समजावून सांगताना आपणच कुठल्यातरी प्राचीन संस्कृतीबद्दल बोलतोय असं वाटतं.

पण आपल्या आई-बाबांना हे शब्द चांगले माहीत असतात. म्हणूनच गेल्या वर्षी आई-बाबांना युरोप दाखवायचं ठरलं तेव्हा सांगलीहून बाबांचा पहिला प्रश्न आयफेल टॉवरबद्दल नव्हता. "रिझर्वेशन कन्फर्म आहे ना? आणि आईला लोअर मिळेल का?"

दिवसाच्या गाड्या आहेत, झोपायचं नाही, त्यामुळे लोअर-अपर असं काही नसतं, हे मी त्यांना सांगितलं. (ते पूर्ण खरं नाही, पण त्याबद्दल पुढे.) बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. प्रवासाआधी वहीत गाडी नंबर, डबा, बर्थ आणि प्रत्येक स्टेशनची वेळ लिहिल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली त्याचं दुःख ते अजून करतात. आईचा डावा गुडघा दुखतो, जिने चढायला तिला वेळ लागतो. बाबा एकाहत्तरचे. असा प्रवास त्यांच्याकडून दुसऱ्यांदा होईल की नाही ते सांगता येत नाही, आणि हे आम्ही चौघंही जाणून होतो, बोलत मात्र कुणी नव्हतं.

आपल्याकडे युरोप म्हटलं की केसरी किंवा वीणा वर्ल्ड. ते चुकीचं अजिबात नाही. बस दारात उभी राहते, रात्री वरण-भात मिळतो, आणि बरोबर बोलायला चाळीस मराठी माणसं असतात. आईचं मत त्याच बाजूला होतं. पण सकाळी सहाला बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या आणि मग दिवसभर सगळ्यांच्या वेगाने चालायचं, हे तिच्या गुडघ्याला झेपलं नसतं. म्हणून रेल्वे. सीटवर बसलं की डोंगर आपणहून समोरून जातात.

आता मुद्द्याचं. आपल्या डोक्यात तिकीट आणि सीट या दोन गोष्टी इतक्या चिकटलेल्या असतात की त्या वेगळ्या असू शकतात हेच आधी पटत नाही. आयआरसीटीसीवर तिकीट काढलं की डबा आणि बर्थ त्याच्याबरोबरच येतो, नाही आला तर तुम्ही वेटिंगवर. युरोपात देशागणिक कायदा वेगळा. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये तिकीट म्हणजे गाडीत चढायचा हक्क. सीट हवी असेल तर तिचे थोडे पैसे वेगळे, आणि नको असेल तर जिथे जागा दिसेल तिथे बसा. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोस्सा, स्पेनची आवे या वेगवान गाड्यांत मात्र सीट नंबराशिवाय चढताच येत नाही. रात्रीच्या झोपायच्या गाड्यांनाही आरक्षण सक्तीचं.

वेटिंग लिस्ट कुठेच नाही. आरएसी तर नाहीच. जागा असेल तर तिकीट मिळतं, नसेल तर ती गाडी तुमच्यापुरती संपली. बाबांना हे फोनवर सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे साइड लोअरवर दोघं बसून जायची सोयच नाही?"

दुसरा मोठा फरक भाड्याचा. आपल्याकडे राजधानी, शताब्दी, दुरांतोला २०१६ पासून फ्लेक्सी भाडं आलं, पण बहुतेक गाड्यांचं भाडं आजही अंतरावर ठरतं. तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचं भाडं विमानासारखं चढतं. पॅरिसहून स्वित्झर्लंडला जाणाऱ्या टीजीव्ही लिरिया गाडीचं तिकीट लवकर काढलं तर तीस-चाळीस युरोत मिळू शकतं, तेच शेवटच्या आठवड्यात शंभराच्या पलीकडे. शिवाय स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेलं. गाडी चुकली की तिकीट गेलं, आणि रद्द केलं तर बहुधा काहीच परत मिळत नाही. आपल्याकडे १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आली. तिथे कित्येक गाड्यांची विक्री चार-सहा महिने आधी उघडते आणि स्वस्त जागा तेव्हाच जातात.

इथेच आपल्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्यांची खरी कोंडी होते. स्वस्त तिकीट हवं तर आज काढा. पण व्हिसा अजून हातात नाही. आणि व्हिसासाठी अर्ज करायचा तर प्रवासाचा पूर्ण आराखडा, कुठल्या रात्री कुठे मुक्काम, कशाने जाणार, हे सगळं आधी दाखवायचं. आधी कोंबडी की आधी अंडं हा वाद निदान फुकट होतो. इथे चार माणसांचे पैसे अडकतात.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मोठ्यांची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, आणि नकार आला तर ती परत मिळत नाही. निर्णयाला नियमाप्रमाणे पंधरा दिवस, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. आमच्या बाबतीत अर्ज दोन देशांतून होते. मी आणि बायको कतारचे रहिवासी, म्हणून आमचे दोह्यातून. आई-बाबांचे मुंबईतून. दोन्हीकडच्या कागदांत एकच प्रवास, त्याच तारखा, तीच हॉटेलं दिसायला हवीत.

त्यात सांगलीतल्या एका एजंटाने बाबांना ठामपणे सांगितलं की विमान पॅरिसला उतरतंय म्हणजे अर्ज फ्रान्सकडेच करायचा. हे बरेच जण सांगतात, आणि ते बरोबर नाही. मुख्य मुक्काम ज्या देशात, म्हणजे साधारणपणे सर्वांत जास्त रात्री जिथे, अर्ज त्या देशाकडे. रात्री सारख्याच असतील तरच पहिल्यांदा पाऊल कुठे ठेवता ते बघतात. आमच्या तीन रात्री पॅरिसला, सहा स्वित्झर्लंडला, एक इन्सब्रुक, एक व्हिएन्ना. म्हणजे अर्ज स्वित्झर्लंडकडे, दोन्ही ठिकाणांहून. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं तरी शेंगेनमध्ये आहे. एजंटाने भरलेला फॉर्म बाबांनी परत आणला आणि आम्ही एका रात्री व्हिडिओ कॉलवर नवा भरला. दोह्यात साडेदहा, सांगलीत रात्रीचा एक. बाबा प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत होते आणि आई मागून "हळू वाचा, शेजारी उठतील" म्हणत होती.

तारखा आईने ठरवल्या. अनंत चतुर्दशी झाल्यावर निघायचं आणि घटस्थापनेच्या आत घरी. २०२५ मध्ये अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती आणि घटस्थापना २२ ला. मधला सगळा पितृपक्ष. शेजारच्या काकूंनी नाक मुरडलं, तर आई म्हणाली, "फिरायला चाललोय, मुंज नाही." आमचा प्रवास ९ ते २० सप्टेंबर असा बसला. या दिवसांत शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी थोडी कमी, आणि आल्प्समध्ये अजून बर्फाने वाटा बंद झालेल्या नसतात. दोह्यात मात्र अजून घामाच्या धारा.

आता पास की सुटी तिकिटं? "युरेल घ्या आणि मोकळे व्हा" हा सल्ला इथे प्रत्येक जण देतो. युरेल युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी, इंटररेल युरोपातल्या रहिवाशांसाठी. पासपोर्ट नव्हे, राहण्याचं ठिकाण मोजतात, म्हणून माझा एक मित्र भारतीय पासपोर्टवर इंटररेल वापरतो कारण तो म्युनिकला राहतो. युरेलच्या ग्लोबल पासवर ३३ देश येतात आणि साठीच्या पुढच्यांना दहा टक्के सवलत असते. पण पास म्हणजे सीट नव्हे. टीजीव्हीसारख्या गाडीत पासवाल्यांना आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात, आणि काही गाड्यांत पासवाल्यांसाठी ठेवलेल्या जागाच मोजक्या. गाडी अर्धी रिकामी असली तरी तुमचा कोटा संपलेला असू शकतो. कोटा हा शब्द ऐकल्यावर बाबांना युरोप पहिल्यांदाच ओळखीचा वाटला.

मी एक्सेल उघडलं. व्यवसायच तसा, त्याला इलाज नाही. बारा दिवसांत लांबचे प्रवास फक्त तीन: पॅरिसहून स्वित्झर्लंड, तिथून इन्सब्रुक, आणि इन्सब्रुकहून व्हिएन्ना. बाकी सगळं फिरणं स्वित्झर्लंडच्या आत. तिथे युरेल इंटरलाकेनपर्यंत नेतं, पण पुढे लाउटरब्रुनेनच्या दरीत आणि वर डोंगरात फक्त भाड्यात सवलत देतं. स्विस ट्रॅव्हल पास मात्र लाउटरब्रुनेन, वेंगेन, म्युरेन, ग्रिंडेलवाल्डपर्यंत पूर्ण चालतो, शिवाय तळ्यांतल्या बोटी, गावातल्या बसगाड्या आणि बरीच संग्रहालयंही त्यात येतात. युंगफ्राउयोखला जायचं तर त्याच्यावरही वरच्या टप्प्याचे पैसे वेगळे लागतात. या पासात ज्येष्ठांना सवलत नाही, हे बाबांना सांगायचं मी शेवटपर्यंत टाळलं.

ठरलं असं. स्वित्झर्लंडमध्ये सहा दिवसांचा सलग पास, १२ ते १७ सप्टेंबर. दोन्ही बाजूंचे लांबचे प्रवास सुट्या तिकिटांवर. कागदावर हे सर्वांत स्वस्त नव्हतं. सगळं सुटं सुटं, सवलतीत काढलं असतं तर थोडे वाचले असते. पण आईने सकाळी उठून "आज गुडघा ठणकतोय, नंतर जाऊ" म्हटलं तर कुठलंही तिकीट वाया जाणार नाही, ही मुभा मला हवी होती. स्वित्झर्लंडमध्ये गाड्या इतक्या वारंवार असतात की एक गेली तर बहुतेक ठिकाणी अर्ध्या किंवा एका तासात दुसरी. तिथे आरक्षणाच्या मागे लागणं म्हणजे ठाणे लोकलचं आरक्षण शोधण्यासारखं.

व्हिसाच्या कोंडीवर आमचा तोडगा साधा होता. जे रद्द करता येतं ते आधी, म्हणजे सगळी हॉटेलं. पास शेवटी, कारण तो आदल्या दिवशी काढला तरी किंमत तीच. अडकत होतं फक्त पॅरिसचं तिकीट आणि ऑस्ट्रियाची दोन. आमचे व्हिसा आले तरी आई-बाबांचे येईनात. तिसरा आठवडा उलटला. रोज संध्याकाळी मी पॅरिसच्या गाडीचा भाव बघायचो आणि तो रोज थोडा वर सरकलेला असायचा. बायको म्हणाली, काढून टाक, गेले तर गेले. बाबा म्हणाले, व्हिसा आल्याशिवाय एक पैसा भरायचा नाही. शेवटी पॅरिसचं तिकीट थोडे जास्त देऊन बदलता येणारं घेतलं आणि ऑस्ट्रियाची स्वस्त, परत न मिळणारी तिकिटं थांबवून ठेवली. व्हिसा चोविसाव्या दिवशी आला. आईने पासपोर्टचा फोटो पाठवला, त्यात व्हिसाच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. ते पुसताना माझ्या दोह्यातल्या हृदयाचे ठोके सांगलीत ऐकू गेले असतील.

तिकीट काढताना इथल्या लोकांना एक अडचण हमखास येते. फॉर्म पिनकोड मागतो आणि कतारमध्ये पिनकोडच नाहीत. घरावरच्या निळ्या पाटीवर झोन, स्ट्रीट आणि बिल्डिंग असे आकडे असतात, तेच आपलं ठिकाण. रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही. पाच शून्यं टाकली की बहुतेक ठिकाणी काम होतं. पैसे भरताना बँकेचा ओटीपी येतो तो कतारच्या सिमवर, म्हणून भारतात सुट्टीवर असताना हा उद्योग करायचा असेल तर ते सिम चालू ठेवा. आणि स्टेशनांची नावं त्यांच्या भाषेत शोधा: फ्लॉरेन्स नव्हे फिरेंझे, व्हिएन्ना नव्हे वीन, म्युनिक नव्हे म्युन्शेन. काहीच समजेनासं झालं तर मार्क स्मिथ नावाच्या गृहस्थांची 'सीट सिक्स्टी-वन' ही साइट बघा. ते पूर्वी ब्रिटिश रेल्वेत नोकरीला होते आणि २००१ पासून हीच माहिती लोकांना फुकट देताहेत. बाबांच्या वहीची जगभराची आवृत्ती.

पॅरिसबद्दल एक सांगायलाच हवं. तिथे 'पॅरिस स्टेशन' असं काही नाही. आपल्या मुंबईत जसं सीएसएमटी, दादर, एलटीटी, वांद्रे टर्मिनस, तसंच. स्वित्झर्लंडच्या गाड्या गार द लियों इथून, लंडनची युरोस्टार गार द्यु नोरहून, स्ट्रासबुर्गकडच्या गार द लेस्तहून. तिकिटावर नीट बघून हॉटेल त्याच स्टेशनाजवळ घेतलं तर सामान घेऊन मेट्रोचे जिने चढावे लागत नाहीत. आम्ही तसंच केलं. आणि हो, लोअर-अपरची गोष्ट: लिरियाच्या गाड्या दुमजली आहेत. आरक्षण करताना खालचा मजला मागता येतो. आईला अरुंद जिना चढायला लागू नये म्हणून चारही सीट खालच्या घेतल्या. वरून देखावा जास्त चांगला दिसतो हे खरं, पण बाबांनी वहीत समाधानाने लिहिलं: "लोअर, कन्फर्म."

गाडीची दारं सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. प्लॅटफॉर्म बोर्डावर दिसतो तोच सुमारे वीस मिनिटं आधी. हमाल नाहीत. आमच्या चौघांत दोन मध्यम आणि दोन लहान बॅगा होत्या, त्यापेक्षा एकही जास्त नको. कांदा-लसूण मसाल्याचा डबा त्यातच बसवला.

स्वित्झर्लंडमध्ये आरक्षणाची खरी चर्चा झाली ती बर्निनाच्या गाडीवरून. कूरहून इटलीतल्या तिरानोपर्यंत जाणारी ही मीटरगेज लाइन समुद्रसपाटीपासून २२५३ मीटरवर चढते आणि तिरानोला ४२९ मीटरवर उतरते, तेही दातेरी रूळ न लावता. २००८ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. मोठमोठ्या काचांच्या बर्निना एक्सप्रेसला पास असला तरी आरक्षण सक्तीचं आणि त्याचे पैसे वेगळे. पण त्याच रुळांवरून साधी लोकल गाडीही धावते, साधारण दर तासाला, वाटेत एकदा बदलून. तिला आरक्षण नाही, पास पुरतो, आणि तिच्या बऱ्याच डब्यांच्या खिडक्या उघडतात. देखावा अर्थातच तोच. जाणकार लोक लोकलच घ्या म्हणतात. माझंही तेच मत.

बाबांना हे मान्य नव्हतं. "एवढं लांब जायचं आणि जनरल डब्यात?" शेवटी जाताना एक्सप्रेस, येताना लोकल असा तह झाला. जाताना सीट नंबर पक्के, पण काचेत आपलेच चेहरे दिसत होते आणि फोटोत छताचे दिवे येत होते. येताना लोकलमध्ये आम्हाला समोरासमोरच्या चार सीट सहज मिळाल्या. तिरानोत गाडी चक्क गावाच्या रस्त्यावरून, मोटारींच्या शेजारून जाते. पुढे ब्रुसिओला ती दगडी कमानींच्या पुलावरून गोल फिरून स्वतःच्याच रुळाखालून गेलेली असते. बाबांनी खिडकी खाली केली, डोकं बाहेर काढायला निघाले, आईने सदरा धरून मागे ओढलं. "माथेरानची मिनी ट्रेन नाही ही," ती म्हणाली. बाबा म्हणाले, "तिच्यासारखीच आहे. फक्त वेळेवर."

वेळेवरून आठवलं. सगळा युरोप स्वित्झर्लंड नाही. जर्मनीत लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये जेमतेम साडेबासष्ट टक्के वेळेवर होत्या, आणि तिथे सहा मिनिटांच्या आतला उशीर वेळेवरच धरतात. म्हणून गाडी बदलायची असेल तर पूर्ण प्रवासाचं एकच तिकीट काढा. पहिली गाडी लेट होऊन पुढची चुकली तर एका तिकिटावर तुम्हाला पुढच्या गाडीने नेण्याची जबाबदारी रेल्वेची. दोन वेगळी स्वस्त तिकिटं असतील तर दुसरं तुमच्या नशिबावर. दोह्यातल्या एका सहकाऱ्याने असे वीस युरो वाचवले आणि एका जंक्शनवर तिघांची तिकिटं पुन्हा पूर्ण भावाने काढली. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे तासाभराच्या उशिराला भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांना ५० टक्के भरपाई मागता येते, काही अपवाद सोडून. फॉर्म भरायला आळस करू नका.

आमचा शेवटचा टप्पा ऑस्ट्रियाच्या रेलजेटने होता. कूरहून सारगान्सला येऊन गाडी बदलली, मग १८८४ साली बांधलेल्या आर्लबर्ग बोगद्यातून इन्सब्रुक. दुसऱ्या दिवशी पुढे व्हिएन्ना. इथे आरक्षण ऐच्छिक, माणशी तीन युरोपासून. मी बायकोला म्हटलं, लागणार नाही. ती म्हणाली, काढ. काढलं. इन्सब्रुकला गाडी आली ती खच्चून भरलेली, लोक दारात बॅगांवर बसलेले. आमच्या सीटवर दोन तरुण मुलं होती. बाबांनी काही न बोलता वही उघडून डबा आणि सीट नंबर त्यांच्यासमोर धरला. मुलं हसून उठली. मराठीत लिहिलेले आकडे त्यांना काय कळले कोण जाणे.

आता बाबांच्या सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावरचे एक काका मुलाबरोबर मे महिन्यात निघालेत, आणि ती वही सध्या त्यांच्याकडे आहे. मला त्यांचा फोन आला होता. कुठली गाडी चांगली, कुठला पास, असं बरंच विचारलं. मी म्हटलं, काका, ते सगळं नंतर. आधी रात्री मोजा, आणि मुंबईची अपॉइंटमेंट आजच बघा.